जिनिव्हाचा कागद उसाच्या फडात कसा पोचतो

दिवाळी आटोपली की कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या दिसू लागतात. बीड, जालना, धाराशिवकडून आलेली माणसं शिरोळ, कागल, करवीरच्या फडांजवळ खोपी टाकतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या टनांतून फेडायची असते. ताप आला, बाईचे दिवस भरत आले, काम बुडालं, की खाडा लागतो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की हिशेब होतो. तेव्हा अनेकांच्या अंगावर काही ना काही बाकी निघते आणि त्या बाकीपोटी पुढच्या हंगामाला परत यायचं नक्की होतं. हिशेबाची वही मात्र मुकादमाकडे असते.

माणूस राबतोय, पण त्या राबण्याची वाजवी किंमत कर्जातून वजाच होत नाही, किंवा किती काळ आणि कोणतं काम करायचं याला काही मर्यादाच नाही, अशा परिस्थितीचं वर्णन एका आंतरराष्ट्रीय करारात आहे. गुलामगिरीविषयीचा हा पूरक करार ७ सप्टेंबर १९५६ रोजी जिनिव्हात झाला आणि भारतानं तो १९६० मध्ये मान्य केला. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असं तो करार म्हणत नाही. उचल सगळेच घेतात, कोल्हापूरचे नोकरदारही पगारावर घेतात. श्रमाची किंमत कर्जात जमा होते का आणि सुटकेची तारीख ठरलेली आहे का, एवढंच तो विचारतो. यांपैकी एकाचं जरी उत्तर नाही असेल, तर ते कर्ज गुलामगिरीच्या पंगतीत जाऊन बसतं.

आता कुणीही विचारेल, जिनिव्हात लिहिलेल्या कागदाचा शिरोळच्या फडाशी संबंध काय? तिथले पोलिस इथे येणार आहेत का? नाही, येणार नाहीत. मानवी हक्कांच्या करारांबद्दल बोलताना हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या भाषणांसारखं होतं. ऐकायला गोड लागतं, पण हातात काही पडत नाही.

प्रजा कुणाची, प्रश्न कुणाचा

शेकडो वर्षं राजे एकमेकांशी तह करत आले. सरहद्द, खंडणी, व्यापार, कैद्यांची अदलाबदल हे त्या तहांचे विषय असायचे. एखाद्या राजानं स्वतःच्या प्रजेला कसं वागवावं, हा शेजारच्या राजाचा विषयच नव्हता. तुमच्या घरातलं तुम्ही बघा, असा तो जगाचा नियम होता.

या नियमाला पहिला तडा गेला तो युद्धभूमीवर. १८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक तसेच पडून राहिलेले आन्री द्युनाँ या स्विस व्यापाऱ्यानं पाहिले. त्याच्या धडपडीतून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यावर उपचार करायचे, हे त्यात ठरलं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली. १९२६ मध्ये गुलामगिरीविरोधी करार झाला, १९३० मध्ये सक्तीच्या मजुरीविरोधी. यात निव्वळ भूतदया होती असं समजायचं कारण नाही. रशियात क्रांती होऊन गेली होती आणि कामगारांना काहीच दिलं नाही तर आपल्याकडेही तेच होईल, ही धास्ती युरोपातल्या सरकारांना होती. शिवाय करार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या स्वतःच्या वसाहती होत्या आणि तिथे सक्तीची मजुरी सर्रास चालू होती.

त्याच काळात कोल्हापुरात काय चाललं होतं ते आठवा. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, दवाखाने, शाळा इथे अस्पृश्यता पाळायला बंदी केली. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २६ व्या कलमात आलं ते १९४८ मध्ये. देशपातळीवर तसा कायदा अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे करवीर संस्थान जगाच्या ३१ वर्षं आणि दिल्लीच्या ९३ वर्षं पुढे होतं.

हे अभिमानानं सांगताना एक गोष्ट सहसा राहून जाते. महाराजांचे हुकूम हे हुकूम होते. ते काढणारा राजा मोठ्या मनाचा होता म्हणून ते निघाले. उद्या गादीवर दुसरा कुणी आला आणि त्यानं ते फिरवले, तर विहिरीवरून हाकललेल्या माणसानं कुणाच्या दारात जायचं? राजाच्या वर कुणी नव्हतं, आणि होता तो इंग्रज रेसिडेंट, ज्याला लगान आणि शांतता यांच्या पलीकडे फारसं देणंघेणं नव्हतं. चांगल्या राजाची मेहेरबानी आणि माणसाचा हक्क यांत फरक आहे तो इथे. हक्क असेल तर तो राजाविरुद्धही मागता येतो.

वाईट राजा आला तर काय होतं, हे जगाला जर्मनीनं दाखवलं. १९३५ मध्ये न्युरेंबर्गमध्ये रीतसर कायदे करून ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. कायदा त्यांचा, देश त्यांचा, प्रजा त्यांची. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे यात बाहेरच्यांनी बोलायचं काहीच नव्हतं. राफेल लेम्किन हा पोलंडमधला ज्यू वकील याच प्रश्नानं पछाडलेला होता. एका माणसाला मारलं तर खून, आणि सरकारनं एक अख्खा समाज मारला तर तो कोणत्याच कायद्यात गुन्हा कसा नाही? त्याच्या स्वतःच्या कुटुंबातली बहुतेक माणसं नाझींनी मारली. वंशसंहाराविरुद्धचा करार ९ डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झाला, त्यामागे लेम्किनची अनेक वर्षांची एकट्याची वणवण होती.

पॅरिसची रात्र

दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मताला आला. कलमं ३०. बाजूनं ४८ देश, विरोधात एकही नाही, आणि आठ तटस्थ. त्या आठांची यादी बोलकी आहे. सोव्हिएत रशिया आणि त्याच्या गोटातले देश, वंशभेदाचं राज्य चालवणारी दक्षिण आफ्रिका, आणि सौदी अरेबिया. विरोधात हात वर करायची लाज वाटली, पण बाजूनं करायचीही हिंमत नव्हती.

हा पाश्चात्यांनी आपल्यावर लादलेला कागद आहे, असं आपल्याकडे अधूनमधून कुणीतरी म्हणतं. मसुदा समितीच्या अध्यक्ष अमेरिकेच्या एलेनॉर रूझवेल्ट होत्या हे खरं. पण शेजारी चीनचे पेंग-चुन चँग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, आणि मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. पहिल्या कलमात सगळे 'पुरुष' जन्मतः समान असतात अशा अर्थाची शब्दयोजना होती. हंसाबेन अडून बसल्या आणि तिथे सगळी 'माणसं' आली. याच बाईंनी १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीनं घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण केला होता.

गंमत म्हणजे भारतानं पॅरिसमध्ये बाजूनं मत दिलं त्या रात्री कोल्हापूर हे अजून संस्थानच होतं. मुंबई राज्यात ते विलीन झालं १ मार्च १९४९ रोजी. दिल्लीत घटना समिती बसलेली होती, आणि जाहीरनाम्यात जे लिहिलं जात होतं त्यातलं बरंचसं इथे मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं म्हणून लिहिलं जात होतं.

जाहीरनामा हा करार नव्हे. तो मोडला म्हणून कुणाला जाब विचारता येत नव्हता. बंधनकारक करार करायला पुढची १८ वर्षं गेली, कारण शीतयुद्ध सुरू झालं होतं. अमेरिकेच्या बाजूला मतस्वातंत्र्य, निष्पक्ष खटला, मतदान हे हक्क महत्त्वाचे वाटत. रशियाच्या बाजूला काम, घर, आरोग्य, शिक्षण. शेवटी एकाचे दोन करार करावे लागले आणि १६ डिसेंबर १९६६ रोजी ते दोन्ही मंजूर झाले. एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. पुरेशा देशांची मान्यता जमून ते लागू व्हायला १९७६ उजाडलं. ही फाळणी राजकारणातून झाली, माणसाच्या गरजेतून नव्हे. ऊसतोड मजुराला मजुरीचा हक्क आणि मुकादमाविरुद्ध तोंड उघडायचा हक्क वेगवेगळे मिळून काय उपयोग? एक नसेल तर दुसरा वापरताच येत नाही.

याच १९७६ मध्ये आपल्याकडे आणीबाणी होती. अटकेतल्या माणसाला कोर्टात दादच मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी २८ एप्रिलला चार विरुद्ध एक असा दिला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्यांच्या विरोधी निकालात जागतिक जाहीरनाम्याचाही आधार आहे. आणीबाणी उठली, सरकार बदललं, आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारतानं दोन्ही करार स्वीकारले.

सहीपासून तालुक्यापर्यंत

करारावर सही करणं म्हणजे इरादा दाखवणं. तो मान्य करणं, सरकारी भाषेत अनुसमर्थन, ही पुढची पायरी. बंधन येतं ते तिथे. पण मान्य केल्यावरही आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ प्रमाणे संसदेनं कायदा करायचा असतो. कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर बाळगण्याचं तत्त्व आहे, पण ते तत्त्वच. मग संसदेनं काहीच केलं नाही तर?

इथे कोर्टांनी एक वाट काढली. देशाचा कायदा एखाद्या बाबतीत गप्प असेल, किंवा त्याचे दोन अर्थ निघत असतील, तर आपण जगाला दिलेल्या शब्दाशी जुळणारा अर्थ घ्यायचा. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच केलं. कर्ज फेडता येत नाही एवढ्याच कारणावरून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, असं नागरी हक्कांच्या कराराचं ११ वं कलम सांगतं. अय्यरांनी दिवाणी कायदा त्या उजेडात वाचला आणि सांगितलं की ऐपत असून बुडवणारा वेगळा आणि गरिबीनं थकलेला वेगळा.

कोल्हापुरात हा फरक फार कामाचा आहे. इथल्या ऊस वाहतूकदाराला विचारा, तो म्हणेल की फसलो आम्ही. कर्ज काढून उचल वाटली आणि टोळी आलीच नाही. असं होतं, दरवर्षी होतं, आणि ठरवून केलेली फसवणूक हा गुन्हाच आहे. पण आला, राबला, आजारी पडला आणि बाकी राहिली म्हणून मजुराला डांबून ठेवणं, त्याची बायको-पोरं अडवून ठेवणं, हा हिशेब नव्हे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्जच रद्द होतं. आणि मजुरानं ते वेठबिगारीचं कर्ज आहे असं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं सावकारावर टाकली आहे. वही ज्याच्याकडे, पुरावाही त्यानंच द्यायचा. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी आहे, असं त्यात ठरलं.

सगळ्यात मोठं उदाहरण १९९७ चं. राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या सरकारी योजनेतल्या साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाला. त्या निमित्तानं महिला संघटना कोर्टात गेल्या आणि विचारलं, कामाच्या ठिकाणी बाईला संरक्षण कोणत्या कायद्यानं? कायदा नव्हताच. पण स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार भारतानं १९९३ मध्ये मान्य केला होता. त्याच्या आधारानं न्यायालयानं विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा, असं सांगितलं. कायदा आला २०१३ मध्ये. आज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कारखान्यात अंतर्गत समिती असावी लागते. घरकाम करणाऱ्या किंवा लहान दुकानात काम करणाऱ्या बाईसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. काही ठिकाणी ही समिती फक्त भिंतीवरच्या फलकापुरती असते, हेही खरं.

बाकीच्या करारांच्या खुणा अशाच विखुरलेल्या सापडतात. बालहक्कांचा १९८९ चा करार आपण १९९२ मध्ये स्वीकारला आणि २००० च्या बाल न्याय कायद्यात मुलगा-मुलगी दोघांसाठी वय १८ झालं. आधी मुलग्यासाठी ते १६ होतं. अपंगांच्या हक्कांचा करार २००७ मध्ये मान्य केला आणि २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले.

जाब कोण विचारतं

करार मान्य केला की दर काही वर्षांनी अहवाल द्यावा लागतो आणि जिनिव्हातल्या समितीसमोर उत्तरं द्यावी लागतात. शिवाय २००८ पासून प्रत्येक देशाची पाळीपाळीनं सर्वंकष तपासणी होते. भारताच्या चार होऊन गेल्या, चौथी २०२२ मध्ये. हे सगळं आपल्याकडच्या दूध संघाच्या वार्षिक सभेसारखं चालतं. व्यासपीठावरून सगळं छान असल्याचं वाचलं जातं, खालून प्रश्न येतात, मंजूर-नामंजूरचा गलका होतो. पण अहवाल छापावा लागतो, प्रश्न इतिवृत्तात येतात, आणि पुढच्या वेळी कुणीतरी तो कागद घेऊन उभा राहतो. सभाच टाळली तर मात्र काही खरं नाही. नागरी हक्कांच्या कराराखाली भारताची तपासणी १९९७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२४ मध्ये. त्या कराराची वैयक्तिक तक्रारीची सोयही आपण स्वीकारलेली नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाला त्या समितीकडे स्वतःची तक्रार नेता येत नाही.

जातीच्या बाबतीत तर आपली भूमिका अवघडच आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला तो भारतानंच. विजयालक्ष्मी पंडित तिथे लढल्या. हा आमचा घरचा मामला, असं दक्षिण आफ्रिका म्हणत राहिली आणि आपण ते खोडून काढलं. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात जन्मावरून, कुळावरून होणारा भेदभाव घालायची सूचनाही भारताचीच. पुढे २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या डर्बनमधल्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा विषय काढला, तेव्हा मात्र जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न, असं सरकार म्हणू लागलं. करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २००२ मध्ये स्पष्ट केलं की जात यात येते. ज्या जिल्ह्यात १९२० ची अस्पृश्यांच्या हक्कांसाठीची माणगाव परिषद झाली तिथल्या माणसाला समितीचं म्हणणं पटायला अडचण येऊ नये.

छळविरोधी करार तर अजून अर्ध्यावरच आहे. १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून विरलं. विधी आयोगानं २०१७ मध्ये करार मान्य करा म्हणून सांगितलं. दर तपासणीत इतर देश तेच सांगतात. दरम्यानच्या काळात पोलिस कोठडीतल्या अत्याचारांविषयीच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेली १९९६ ची ११ तत्त्वं हाच आधार. अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, वैद्यकीय तपासणी करा. ही तत्त्वं पोलिस ठाण्यात दिसेल अशा जागी लावायची असतात. पुढच्या वेळी पोलिस ठाण्यात गेलात तर तो फलक शोधा आणि कुठल्या कपाटामागे आहे ते बघा.

तक्रार करायची असेल तर राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, राष्ट्रीय आयोग दिल्लीत. साध्या कागदावर मराठीत लिहून पाठवता येते, फी नाही, वकील लागत नाही. १९९३ च्या ज्या कायद्यानं हे आयोग आले त्यात मानवी हक्कांची व्याख्या करताना घटनेबरोबर आंतरराष्ट्रीय करारांचंही नाव आहे, मात्र भारतीय न्यायालयांत अंमलात आणता येतील तेवढ्यांपुरतंच. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. आणि प्रकार घडून एक वर्ष उलटून गेलं असेल तर तो प्रकरण हातात घेत नाही, ही अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. मुदत गेली असेल किंवा आयोगाच्या शिफारशीवर काही हललं नाही तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठीचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं. अर्जात राज्यघटनेच्या कलम २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) बरोबर संबंधित कराराचं कलमही घालायला वकिलांना आवर्जून सांगावं.